अकरा वाजताचं पाणी

बांधकामावर त्यांना सगळे 'वरचे' म्हणत. खरं नाव हजेरीच्या कागदावर होतं आणि ते तिथेच राहिलं. सकाळी सातला टॉवर क्रेनची शिडी चढायची आणि संध्याकाळी पाचला उतरायची, असं बावीस वर्षं करणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? खाली कुणी विचारलं, "सळया कधी मिळतील हो?" तर उत्तर ठरलेलं असे, "वरच्यांच्या मनात येईल तेव्हा." नवा माणूस बिचारा आकाशाकडे बघायचा आणि बाकीचे हसून घ्यायचे.

कामात मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. दोन टन काँक्रीटने भरलेली बादली ते अशी अलगद टेकवत, की शेजारी उभ्या असलेल्याच्या कपातला चहा हलू नये. पंचेचाळीस मीटर उंचीवरची ती काचेची खोली म्हणजे त्यांचं दुसरं घर. एक खुर्ची, तिच्या दोन बाजूंना दोन दांडे, पायाशी खाली बघायची काच आणि उजव्या हाताला एक पत्र्याचा डबा. डब्यात खारे शेंगदाणे आणि बिस्किटं. पाण्याची बाटलीही असे, पण ती सकाळी भरलेली वर जायची आणि संध्याकाळी भरलेलीच खाली यायची.

याला कारण होतं. वर संडास नाही. उतरायचं आणि परत चढायचं म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं. तेवढा वेळ क्रेन थांबणार, आणि क्रेन थांबली की खाली चाळीस माणसं हात बांधून उभी. वरच्यांनी हा प्रश्न पहिल्याच वर्षी सोडवून टाकला होता: पाणीच प्यायचं नाही. सकाळी निघताना अर्धा कप चहा, मग पाचपर्यंत काही नाही. सहाला घरी पोचले की स्वयंपाकघरात उभ्यानेच पाण्याचा जग तोंडाला लावत. दुपारी चारच्या सुमाराला डोकं ठणकायचं, पण ते उन्हाने ठणकतं असं त्यांनी ठरवून टाकलेलं होतं. "आपण चढलो की चढलो," असं ते नव्या लोकांना सांगत, आणि सांगताना छाती थोडी पुढे येई.

मग क्रेनचालकांची वर्षाची डॉक्टरी तपासणी आली. ती दर वर्षी येते आणि दर वर्षी दहा मिनिटांत आटपते. या खेपेला डॉक्टर नवीन होत्या. बारीक अंगाच्या, केस कापलेल्या, फार कमी बोलणाऱ्या. त्यांनी वरच्यांच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, आकडा बघितला आणि म्हणाल्या, "दहा मिनिटं बाहेर बसा. परत घेऊ."

परत घेतला. मग दुसऱ्या हातावर घेतला.

"काही त्रास होतो?"

"नाही."

"डोकं दुखतं?"

"ते काय, सगळ्यांचंच दुखतं."

"एकशे अठ्ठ्याहत्तर," डॉक्टर म्हणाल्या, "आणि खालचा एकशे आठ. मी सही करू शकत नाही."

वरच्यांना आधी नीट ऐकूच आलं नाही. बावीस वर्षांत कधी सही व्हायची राहिली नव्हती. "उद्या स्लॅब आहे," ते म्हणाले.

"असेल. पण वर तुम्हाला चक्कर आली तर हातात दोन टन असतील, आणि त्याच्याखाली माणसं असतील." त्यांनी कागदावर लिहायला सुरुवात केली. "रोज सकाळी ही एक गोळी. चुकवायची नाही. गोळी अर्धं काम करेल, उरलेलं अर्धं तुम्ही. मीठ, वजन, चालणं, पाणी. दिवसभरात पाणी किती पिता?"

वरच्यांनी सांगितलं. डॉक्टरांचं पेन थांबलं. तीन महिने खालचं काम, मग परत तपासणी, एवढं लिहून त्यांनी कागद दिला.

खालचं काम म्हणजे सिग्नलवाल्याचं. हातात रेडिओ घेऊन उभं राहायचं आणि वरच्या चालकाला जे दिसत नाही ते सांगायचं. 'वरचे जमिनीवर आले' हा विनोद दुपारपर्यंत सगळ्या जागेवर फिरला. वरचे स्वतःही त्यावर हसले. घरी येईपर्यंत मात्र चेहरा उतरला होता.

त्यांची बायको चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम करायची. पाव नंबराचा फरक तिच्या बोटांना कळायचा, आणि माणसांच्या बाबतीतही तिचं साधारण तसंच होतं. कागद तिने दिव्याखाली धरून वाचला.

"नंबर बराच वाढलाय की," ती म्हणाली.

"उतरवतो. तीन महिने कशाला, एका महिन्यात उतरवतो."

आणि वरच्यांनी जेवणाच्या टेबलावर आपला बेत मांडला. पहाटे पाचला उठून तासभर भराभर चालायचं. मीठ बंद. थोडं कमी वगैरे भानगडच नाही, एकदम बंद. साखर बंद, बिस्किटं बंद. रोज मोजून तीन लिटर पाणी. रात्री झोपण्याआधी वीस उठाबशा. बायको ऐकत होती. मध्ये एकदाच तिने विचारलं, "सगळं उद्यापासूनच?"

"मग काय मुहूर्त बघायचा?"

पहिले पाच दिवस घरात नुसती धामधूम होती. नवे बूट आले. पहाटे पाचला गजर झाला की वरचे उठत आणि त्यांच्याबरोबर शेजारचेही उठत, कारण त्यांच्या गजराला भिंती पुरत नसत. बिनमिठाची भाजी ते डोळे मिटून गिळत आणि वर "सवय होईल" असं स्वतःलाच सांगत. सहाव्या दिवशी उठाबशा राहिल्या. सातव्या दिवशी तीन लिटरांचे दोन झाले. नवव्या दिवशी डावी टाच अशी धरली की पाऊल टेकवेना. दहाव्या दिवशी गजर झाला, त्यांनी तो बंद केला आणि कूस बदलली. अकराव्या दिवशी बायको कामावरून आली तेव्हा ते ओट्याजवळच्या स्टुलावर बसले होते आणि मांडीवर तो पत्र्याचा डबा होता.

"संपले?" तिने विचारलं.

"संपले."

"मग डबा धुवायला टाका." ती पिशवी ठेवून हात धुवायला गेली. एवढंच. वरच्यांना वाटलं होतं, ती चार शब्द सुनावेल. सुनावले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. त्या रात्री जेवताना त्यांनी भाजीवर वरून मीठ घेतलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच. गोळी तेवढी चालू राहिली, कारण ती बायको सकाळी कपाच्या बशीत ठेवायची आणि चहा उचलताना ती दिसल्याशिवाय राहायची नाही.

दरम्यान त्यांच्या खुर्चीवर दुसरी चालक आली होती. तिशी ओलांडलेली, पूर्वी बंदरावर काम केलेली बाई. हेल्मेटखाली आखूड वेणी आणि बोलणं एकदम सरळ. वरच्यांना तिने पहिल्या दिवसापासून काका म्हणायला सुरुवात केली, हेही त्यांना फारसं रुचलं नव्हतं. पण खरं खटकलं ते अकरा वाजता. रेडिओवर तिचा आवाज आला, "हुक रिकामा केलाय. अकरा वाजले, मी खाली येते. वीस मिनिटं."

"का? काय झालं?" वरच्यांनी विचारलं.

"काही नाही झालं. पाणी प्यायचंय, आणि बाकीचं."

रेडिओ सगळ्यांच्या हातात असतो. चाळीस माणसांनी ते ऐकलं आणि वरच्यांचेच कान तापले. अडीचला परत तोच आवाज, परत वीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. लोक तिला 'अकरावाली' म्हणायला लागले. चौथ्या दिवशी साइटच्या साहेबांनी तिला ऑफिसात बोलावलं, आणि वरच्यांनाही बोलावलं.

साहेब टेबलामागे बसले होते. त्यांना तारीख गाठायची होती आणि पाऊण तासाचा हिशोब त्यांना छळत होता. "तुम्हीच सांगा," ते वरच्यांना म्हणाले. "बावीस वर्षांत तुम्ही कितीदा मधे उतरलात?"

वरच्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. "एकदाही नाही," ते म्हणाले. बोलले ते खरंच होतं.

"बघा," साहेब म्हणाले.

"काका बोलले ते खरं आहे," ती म्हणाली. आवाज चढला नाही की पडला नाही. "म्हणून तर ते आज खाली आहेत."

मग तिने खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. तिच्या नेमणुकीचं पत्र. त्यात दोन सुट्ट्या, वेळेसकट, लिहिलेल्या होत्या आणि खाली साहेबांची सही होती. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. सही करताना एकदाही वाचलं नसावं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. "ठीक आहे," ते म्हणाले, "कामाला लागा."

तीन दिवस वरचे तिच्याशी कामापुरतं बोलले. वर. आणखी वर. थांब. डावीकडे. हळू. टेकव. पण रेडिओवर रोज नऊ तास एखाद्याला ऐकलं की माणूस कळतोच. तिचा हात चांगला होता, त्यांच्याइतका सफाईदार नाही, पण चांगला. आणि एक गोष्ट त्यांच्या ध्यानात यायला लागली. दुपारी चारला तिचा हात सकाळी नऊसारखाच चालायचा. स्लॅबखाली लावायच्या लोखंडी प्लेटांची चवड कठड्याला न घासता उतरायची. बादली झोके न खाता टेकायची.

वरच्यांना आपलं चार वाजताचं काम आठवलं. गेली दोन वर्षं शेवटच्या तासात त्यांचा हुक दोनदा तरी कशाला ना कशाला घासायचा. दर वेळी ते वाऱ्याला बोल लावत. एकदा सळयांची मोळी एका माणसाच्या खांद्यापासून वीतभर अंतरावरून गेली होती आणि तेव्हाही ते वाऱ्यालाच बोलले होते. त्या दिवशी वारा पडलेला होता. हे ते कुणाजवळ बोलले नाहीत, पण त्या संध्याकाळी घरी जाताना बस एक थांबा पुढे गेली तरी त्यांना पत्ता नव्हता.

पुढच्या आठवड्यात ऊन फार तापलं. अकराला ती उतरली आणि फाटकाजवळच्या नळाकडे निघाली. वरचे तिथेच सावली बघून उभे होते. तिने हातातला पेला धुतला, भरला, प्यायली, परत भरला. मग पेला विसळून त्यांच्यापुढे धरला.

"घ्या काका. ऊन काय माझ्या एकटीवरच पडतंय?"

नको म्हणायला काही कारण सुचलं नाही, म्हणून ते एक पेला पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी अकराला ती उतरली तेव्हा तेही नळापर्यंत चालत गेले. काम थांबलेलंच होतं, उभं राहून तरी काय करणार? तिसऱ्या दिवशी त्यांनी घरून स्वतःचा पेला आणला. अडीचलाही तसंच. फाटक लांब होतं, जायची दोनशे पावलं आणि यायची दोनशे. त्यापलीकडे त्यांनी काही केलं नाही आणि मुख्य म्हणजे कुणाला काही सांगितलं नाही. आधीच्या बेताची शोभा घरात झाली तेवढी पुरे होती.

पंधरा-सतरा दिवसांनी, एका गुरुवारी, चार वाजून गेले आणि त्यांना वाटलं, काहीतरी राहिलंय. रेडिओ हातात होता, हेल्मेट डोक्यावर होतं. बऱ्याच वेळाने उलगडा झाला. डोकं दुखत नव्हतं.

घरात ही गोष्ट बायकोच्या लक्षात आली ती वेगळ्याच वाटेने. "हल्ली आल्या आल्या पाण्याचा जग तोंडाला लावत नाही तुम्ही," ती म्हणाली.

"तहान नसते."

"का नसते?"

मग सांगावं लागलं. ती भाजी चिरत ऐकत होती. "बरं," म्हणाली. दुसऱ्या दिवशी जेवायला बसल्यावर वरच्यांचा हात सवयीने टेबलाच्या मधोमध गेला आणि रिकामाच परत आला.

"मीठ कुठाय?"

"वरच्या फळीवर."

"वरच्या फळीवर कशाला?"

"तिथे जागा आहे. हवं असेल तर उठून घ्या, मी काही कुलूप लावलेलं नाही."

वरचे उठले, स्टूल ओढलं, मीठ काढलं, घेतलं, परत ठेवलं. दुसऱ्या दिवशीही उठले. तिसऱ्या दिवशी दिवसभर उभं राहून पाय भरून आले होते, म्हणून तसेच जेवले. ज्या माणसाने बावीस वर्षं रोज पंचेचाळीस मीटर शिडी चढली, तो स्टुलावर चढायचा कंटाळा करतो, यावर बायको मान खाली घालून हसली. महिन्याभरात मीठ वर आहे हेच ते विसरले. भाजीत असायचं तेवढं पुरायला लागलं.

चालण्याचंही असंच कुठल्या कुठे जमलं. टाच बरी झाली होती, पण पहाटेच्या गजराचं नाव काढायची त्यांची छाती नव्हती. बायकोचं दुकान सातला बंद व्हायचं आणि ती बसने घरी यायची. एका संध्याकाळी बस बंद होत्या म्हणून ते तिला आणायला चालत गेले. पंचवीस मिनिटं जायला, आणि येताना चाळीस, कारण ती प्रत्येक दुकानाच्या काचेपाशी थांबायची. दुसऱ्या दिवशी बस चालू होत्या, तरी ते गेले.

"आज कशाला आलात? मी काय हरवणार आहे?"

"आलो असाच."

तिसऱ्या दिवशी तिने विचारलं नाही. चौथ्या दिवशी ते दहा मिनिटं उशिरा पोचले तर ती दारात उभी होती आणि बस निघून गेली होती. तेव्हापासून न जाण्याचा प्रश्नच उरला नाही.

तीन महिने झाले आणि वरचे तपासणीला गेले. दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून. डॉक्टरांनी पट्टा बांधला, आकडा बघितला, दहा मिनिटं बसवलं, परत बघितला.

"एकशे अठ्ठेचाळीस. खालचा चौऱ्याण्णव."

"म्हणजे?"

"म्हणजे बराच उतरलाय. पण एकशे चाळीस आणि नव्वदच्या आत आला की सही. गोळी थोडी वाढवते. दोन महिन्यांनी या."

वरचे बाहेर आले. समोरच्या टपरीवरून त्यांनी खाऱ्या दाण्यांची पुडी घेतली आणि बसथांब्यावर उभ्या उभ्या अर्धी संपवली. उरलेली अर्धी खिशात घालून ते घरी गेले आणि रात्री ती बायकोच्या हातात दिली.

"किती?" तिने विचारलं.

"एकशे अठ्ठेचाळीस."

"आधी किती होता?"

"एकशे अठ्ठ्याहत्तर."

"तीस उतरले की."

"पण सही नाही झाली."

"सहीचं मी विचारलंच नाही," ती म्हणाली, आणि पुडीतले दोन दाणे तोंडात टाकून तिने बाकीची बंद करून ठेवली.

त्यानंतर आठवडाभरातच त्यांच्या मोठ्या भावाचा फोन आला. म्हणजे भावाचा नव्हे, वहिनीचा. भाऊ जिन्यावरून पडला होता, मांडीचं हाड मोडलं होतं, शस्त्रक्रिया करायची होती आणि मुलगा परदेशात. वरचे रजा टाकून गेले ते एकोणीस दिवस तिकडेच राहिले. रात्री इस्पितळाच्या बाकावर झोप, सकाळी यंत्रातला चहा, दुपारी यंत्रातली बिस्किटं, जेवण मिळेल तिथे आणि मिळेल तसं. औषधांच्या चिठ्ठ्या, रक्ताच्या बाटल्या, डॉक्टरांची वाट. भावाच्या गोळ्या ते घड्याळ लावून द्यायचे. स्वतःच्या चार दिवस विसरले, आणि फोनवर बायकोने विचारलं तेव्हा पिशवीत शोधू लागले. पाणी कधी प्यायलं, किती प्यायलं, काही ठिकाण नव्हतं. भाऊ काठी घेऊन उभा राहिला तेव्हा त्यांनी परतीचं तिकीट काढलं. गाडीत बसल्यावर पॅन्ट कमरेत घट्ट लागली. चार वाजता डोकं ठणकायला लागलं, अगदी पूर्वीसारखं.

गाडीतून बाहेर बघताना त्यांनी मनाशी कबूल केलं की सगळं पाण्यात गेलं. आता परत पहिल्यापासून, आणि पहिल्यापासून सुरू करण्याइतका जीव आपल्यात आहे की नाही, याची त्यांना खात्री नव्हती.

सोमवारी ते कामावर गेले. रेडिओ घेतला, सळयांच्या तीन खेपा केल्या. बोलायला, विचार करायला सवड नव्हती. अकरा वाजता हुक रिकामा झाला आणि ती शिडीवरून उतरू लागली. ती खाली पोचायच्या आधीच वरचे नळापाशी होते आणि त्यांच्या हातात भरलेला पेला होता. पेला आपण केव्हा घेतला हे त्यांना आठवेना. अर्धा पिऊन झाल्यावर ते थांबले आणि पेल्याकडे बघत राहिले.

"भाऊ कसे आहेत?" तिने विचारलं.

"उभा राहायला लागलाय." मग ते म्हणाले, "तिकडे माझं मात्र सगळं सुटलं. एकोणीस दिवस काही म्हणून पाळलं नाही."

"तिकडचं सुटलं," ती म्हणाली. "नळ तर इथेच आहे."

ती पाणी पिऊन निघून गेली. वरच्यांनी राहिलेला अर्धा पेला संपवला. त्या संध्याकाळी साडेसहाला ते दुकानाकडे निघाले. जेवताना मीठ फळीवरच होतं. गोळी बशीत होती. चार दिवसांत पॅन्ट सैल झाली नाही, त्याला तीन आठवडे लागले, पण डोकं दुखायचं आठवडा संपायच्या आत थांबलं. पहिल्यापासून असं काही सुरू करावंच लागलं नाही, हे त्यांना बऱ्याच दिवसांनी उमगलं.

दोन महिन्यांनी आकडा एकशे छत्तीस आला, खालचा शहाऐंशी. डॉक्टरांनी सही केली. "गोळी बंद करायची नाही," एवढंच म्हणाल्या. वरच्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि बाहेर येऊन पहिल्यांदा बायकोला फोन केला. फोनवर भिंग घासायच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती. "छत्तीस," ते म्हणाले. घरघर थांबली. "परत सांगा," ती म्हणाली. त्यांनी परत सांगितलं.

तोवर पलीकडच्या इमारतीसाठी दुसरी क्रेन उभी राहिली होती. वरच्यांना ती मिळाली. पाच महिन्यांनी शिडी चढताना पोटऱ्या थरथरल्या आणि दोन टप्प्यांवर थांबावं लागलं, पण खुर्चीत बसून दांडे हातात आले तसे हात आपोआप कामाला लागले. साडेदहापर्यंत सहा खेपा झाल्या. वरून सगळं जसंच्या तसं दिसत होतं. खाली कुणीतरी रेडिओवर म्हणालं, "वरचे वर गेले बरं का," आणि सगळे हसले.

मग समोरच्या क्रेनवरून तिचा आवाज आला, "अकरा वाजले. मी उतरते."

वरच्यांच्या हुकाला प्लेटांची चवड होती. त्यांनी ती टेकवली. खाली सहाजण पुढच्या चवडीला दोर बांधून तयार उभे होते आणि वर बघत होते. अजून एक खेप, दहा मिनिटांचं काम. एक करावी आणि मग उतरावं. आणि एक केली की दुसरी बांधून तयार असते, हेही त्यांना ठाऊक होतं. बावीस वर्षं ती दुसरी खेपच त्यांनी केली होती. ते मिनिटभर बसून राहिले. मग त्यांनी दांडे सोडले आणि रेडिओ उचलला.

"मी पण उतरतो. वीस मिनिटं."

मग सिग्नलवाला म्हणाला, "बरं." साहेब ऑफिसच्या दारात उभे होते आणि त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, ते वरच्यांना शिडीवरूनही दिसलं. मग ते आत गेले. आठव्या मजल्याचा स्लॅब ठरल्या दिवशीच भरून झाला.

सहा महिन्यांनी ती परत बंदराच्या कामाला गेली. जायच्या दिवशी ती वरच्यांना भेटायला आली, दोघं नळापाशी उभे राहून पाणी प्यायले आणि तिने नव्या जागेची माहिती सांगितली. तिकडे क्रेनच्या खोलीतच पाण्याची आणि संडासाची सोय होती. "मग तिकडे उतरायचं कारणच नाही," वरचे म्हणाले. "उतरणार," ती म्हणाली, "पाय मोकळे करायला." तिच्या जागी एक गृहस्थ आले, वरच्यांच्याच वयाचे, हाताने चांगले. पहिल्या दिवशी अकराला रेडिओ गप्प राहिला आणि वरच्यांच्या लक्षात यायला साडेबारा वाजले. ते तेव्हा उतरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी अकराला स्वतःच सांगितलं आणि समोरच्यांनाही विचारलं, "येताय का?"

"मला नाही लागत हो," ते गृहस्थ म्हणाले. "आपल्याला सवय आहे."

"तुमची मर्जी," वरचे म्हणाले आणि उतरले. दर दोन-चार दिवसांनी ते विचारत आणि दर वेळी तेच उत्तर येई. ते गृहस्थ काम संपेपर्यंत एकदाही उतरले नाहीत. वरच्यांनी त्यांना कधी काही समजावलं नाही.

वर्षाची तपासणी परत आली. एकशे बत्तीस आणि चौऱ्याऐंशी. वजन अख्ख्या वर्षात चारच किलो उतरलं होतं, गोळी चालूच राहणार होती. डॉक्टरांनी विचारलं, "आठवड्यातून किती दिवस चालता?"

वरच्यांना पटकन सांगता येईना. ते बोटांवर मोजू लागले. "दुकान रविवारी बंद असतं," ते म्हणाले, "बाकीचे सहा."

"कसलं दुकान?"

"बायको काम करते ते."

डॉक्टरांनी कागदावर सहा लिहिलं.

त्या संध्याकाळी ते नेहमीपेक्षा वीस मिनिटं आधीच दुकानात पोचले. गिऱ्हाईक नव्हतं. बायको मागच्या बाजूला यंत्राशी बसली होती आणि डोळ्यांपुढे एक भिंग धरून उजेडात बघत होती.

"बसा," ती मान न वळवता म्हणाली, "अजून दोन राहिलीत."

वरचे गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसले. समोरच्या भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता टांगलेला होता. ते वरच्या मोठ्या अक्षरापासून एकेक ओळ वाचत खाली येऊ लागले.